आढळले नाही

लांचौमध्ये मार्च म्हणजे पिवळी धूळ.
खिडक्यांच्या फटींना ओली फडकी लावून
आम्ही नमुने उघडतो.
त्या दिवशी खिडकीपाशी श्यांग देगुई उभा होता,
सिमेंटच्या गोणीची शिवलेली पिशवी,
पिशवीत टॉवेल, टॉवेलात डबा,
डब्यावर एक हसरं बाळ, झिजून अर्धं उरलेलं.

नोंदणीवरची मुलगी म्हणाली,
मोहर नाही, बॅच नंबर खरवडलेला,
मुदत संपून चौदा वर्षं झालीत.
हा नमुना नोंदवता येणार नाही.
तो म्हणाला, नोंदवू नका. नुसतं बघा.

नुसतं बघा असं कुणी म्हटलं
की मला माझ्या हातांचं काय करावं कळत नाही.

पाळी संपेपर्यंत तो पायऱ्यांवर बसून होता,
गार पाव खात, चुरा तळहातावर झेलत.
मग सांगू लागला, माझ्याकडे न बघता :
पोरगा सात महिन्यांचा. लघवीला झाली
की निळा पडेस्तोवर रडायचा.
डॉक्टर म्हणाला मुतखडा.
एवढ्याशा जिवाला मुतखडा?
मी हसलो हो तेव्हा. घाबरून हसलो.

घरात अकरा डबे आले होते एकूण.
दहा त्याने आणलेले, गावच्या दुकानातले, स्वस्त.
एक बहिणीचा. चुनलिंगने शहरातून आणलेला,
पोराच्या शंभराव्या दिवसाच्या जेवणाला, महागडा, लाल फीत बांधून.
दहा डबे माणसं येऊन उचलून घेऊन गेली.
हा अकरावा बायकोने तुळईवर लपवला,
बहिणीचं नाव कागदावर येऊ नये म्हणून.
कागदावर आलं नाही. मनात आलं.
डिंगशीची बस आजही चुनलिंगच्या दारावरून जाते
आणि तो खिडकीकडे पाठ करून बसतो.

रात्री साडेदहाला मी एक ग्रॅम मोजला.
भुकटी पिवळी पडली होती, गुठळ्या झालेली,
वास जुन्या वहीसारखा.

त्या वर्षीची लबाडी साधी होती.
यंत्र नत्र मोजायचं आणि माणसं त्याला प्रथिन म्हणायची.
दुधात पाणी घातलं, मग पाण्यात
ताटल्या बनवायची पांढरी पूड,
आणि आकडा झकास आला.
आकडा खोटं बोलला नाही.
त्याला विचारलंच दुसरं काहीतरी होतं.

आता आम्ही नीट विचारतो.
ढवळलं, गाळलं, सुईने आत सोडलं.
आधी कोरं पाणी, मग माहीत असलेला नमुना :
तिसऱ्या मिनिटाच्या आसपास टोकदार डोंगर.
मग त्याचा डबा.
तिसरं मिनिट आलं, गेलं.
रेघ सपाट.
मी पुन्हा चालवलं. मग पुन्हा एकदा,
सुई बदलून, शिव्या देत.
सपाट.

पहाटे तो पायरीवरच होता, कॉलर वर करून.
म्हटलं, आढळलं नाही.
आणि सवयीने पुढचंही बोलून गेले,
की आम्ही नाही असं म्हणत नसतो,
आमच्या यंत्राला दिसलं नाही, एवढंच म्हणतो.
तो ऐकत नव्हता. बोटांवर काहीतरी मोजत होता.

म्हणजे तिचा चांगला होता.

नंतर बराच वेळ धूळ झाडणाऱ्या बाईचा झाडू.

दुधात पूड तुम्ही नाही घातलीत, एवढं तरी
म्हणायला हवं होतं मी.
म्हणाले, पोरगा कसा आहे?
सोळाचा. बास्केटबॉल खेळतो.
पाण्याची बाटली कधी विसरत नाही.

त्याला शिक्का मारलेला कागद हवा होता.
तो मला देता येत नाही; नमुना नोंदलेलाच नाही.
मग हातमोज्यांच्या खोक्याचं झाकण फाडून
मागच्या बाजूला लिहिलं : आढळले नाही.
त्याने ते हातभर लांब धरलं, डोळे बारीक केले,
आणि परत माझ्यापुढे केलं.

जरा मोठं लिहा, म्हणाला.
चुनलिंगला आता चष्मा लागला असेल.